गौरव कुणाचा?

दर वर्षी 27 फेब्रुवारीच्या सुमारास मला गोव्यात कुठे ना कुठे मराठीवर बोलायला बोलावतात. कधी फोंडा, कधी डिचोली, कधी पेडणे. समई तीच, पुष्पगुच्छ तसलेच, आणि माझ्या आधी नाहीतर नंतर बोलणारा कुणीतरी घसा साफ करून म्हणणार हेही ठरलेलं:

जैसी हरळांमाजि रत्नकिळा ।
कि रत्नांमाजि हिरा निळा ।
तैसी भासांमाजि चोखळा ।
भासा मराठी ॥

टाळ्या पडतात. मीही वाजवतो. जन्मभर मराठीची मास्तरकी केली, ही ओवी किती पोरांकडून घोकून घेतली त्याला गणती नाही. सातासमुद्रापलीकडून आलेला एक इंग्रज पाद्री आपल्या भाषेला रत्नांतलं रत्न म्हणतो, हे ऐकायला कुणाला आवडणार नाही? मराठी भाषा गौरव दिनी तर हवंच.

गेल्या खेपेला परतताना कदंबाच्या बसमध्ये मात्र एक साधा हिशेब डोक्यात आला. ही ओवी ज्यातली, त्या फादर थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणात, म्हणजे बायबलची कथा ओव्यांत सांगणाऱ्या ग्रंथात, 10,962 ओव्या आहेत. पहिल्या पुराणात 4,181, दुसऱ्यात 6,781. मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्या पहिल्याच अवस्वरात, म्हणजे अध्यायात, येतात आणि दोन हातांच्या बोटांवर मोजून होतात. मग उरलेल्या साडेदहा हजारांवर ओव्यांत काय आहे? मास्तर म्हणवणाऱ्या मी त्यातल्या किती वाचल्या होत्या? परीक्षेला येतील तेवढ्या. शपथेवर सांगायचं तर त्याहून थोड्या कमीच.

पोस्टमननं पाकीट आणून द्यावं, पाकिटावरच्या पत्त्याचं अक्षर वळणदार म्हणून आपण ते भिंतीला लावावं, आणि आतलं पत्र चारशे वर्षं फोडूच नये, असा हा प्रकार झाला. स्टीफन्सनं मराठीची स्तुती केली ती पुढे जे सांगायचं होतं त्याला योग्य भांडं सापडल्याच्या आनंदात केली. त्याला गौरव गायचा होता तो देवाचा. आपण तेवढा मराठीचा उचलला.

कोकणी-मराठी वादात तर हे पुस्तक जन्मठेपेचा साक्षीदार झालं आहे. एक बाजू म्हणते ही शुद्ध मराठी, दुसरी म्हणते यात कोकणी शब्द बघा किती. 1987 च्या राजभाषा कायद्याच्या आगेमागे झालेली भाषणं ज्यांनी ऐकली त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. साक्षीदाराला कोर्टात उभं करतात आणि फक्त त्याची मातृभाषा विचारून परत पाठवतात. त्यानं काय पाहिलं हे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की ते विचारावं. बायबल आणि त्याची ही ओवीबद्ध मराठी लेक, दोन्ही वाचावीत, आणि ज्यासाठी ती लिहिली गेली त्यासाठी वाचावीत. देवाचा महिमा दिसावा यासाठी ती लिहिली आहेत. दिसतो का ते पाहावं. नाही दिसला तर तसं खुशाल सांगावं. हे मी एक हिंदू मराठी वाचक म्हणून, माझ्यासारख्याच गोवेकरांना म्हणतो आहे.

आपल्याकडे एक विचित्र गोष्ट आहे. गोव्यात आपण सण वाटून घेतले, नवस वाटून घेतले, देवही नात्यागोत्यात बसवले. म्हापशाची मिलाग्र सायबीण, म्हणजे मारियामाय, ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, असं हिंदूही सांगतात आणि ख्रिस्तावही. तिच्या फेस्ताला तेल घेऊन जाणाऱ्यांत आमच्या घरचेही असतात. कुंकळ्ळीचे ख्रिस्ताव गावकर फातर्प्याच्या शांतादुर्गेशी असलेलं नातं अजून राखून आहेत. वाड्यावर सायबिणीची मूर्ती घरोघर फिरते तेव्हा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपल्यावर उकडलेल्या चण्यांचा द्रोण माझ्याही हातात येतो. पण ग्रंथ? ग्रंथ मात्र वाटून घेतले नाहीत. त्यांच्या घरी रोमी लिपीतलं कोकणी पवित्र पुस्तक, आमच्या घरी देवनागरीतली मराठी पोथी. दोघांमध्ये एक कुंपणाची भिंत, आणि तिच्यावरून फक्त केळीचे घड आणि फणस इकडून तिकडे जातात.

लिपीचं कारण आहे, पण ते लंगडं आहे. 1616 मध्ये राशोलला ख्रिस्तपुराण पहिल्यांदा छापलं तेव्हा मराठी ओव्या रोमी अक्षरांतच छापल्या होत्या. देवनागरीचे खिळे कुठे होते? लंडनच्या सोआस संस्थेत मार्सडेन संग्रहातलं जे हस्तलिखित आहे ते मात्र देवनागरीत आहे. म्हणजे त्या काळी ही भिंत ओलांडता येत होती.

खरं कारण वेगळं आहे आणि ते बोलून टाकलेलं बरं. स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात उतरला तेव्हा दक्षिण गोव्यातल्या साष्टीतली देवळं पाडून बारा-एक वर्षं झाली होती. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, 1560 पासून सुरू होतं आणि पुढे 1812 पर्यंत चाललं, मधली चार वर्षं सोडली तर. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. 1583 मध्ये कुंकळ्ळीकरांनी पाच जेझुइट पंथीयांना मारलं, आणि मग गावच्या प्रमुखांना बोलणी करायला असोळणेच्या किल्ल्यात बोलावून कापून काढण्यात आलं. ज्या सत्तेच्या सावलीत हे झालं त्याच सावलीत बसून स्टीफन्स ओव्या रचत होता. त्याच्या पुराणाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे: नवा ख्रिस्ताव झालेला एकजण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरं काही का देत नाही? या प्रश्नातूनच ते पुराण उगवलं. मी हा भाग वाचतो तेव्हा माझ्या पोटात कालवतं. ज्याच्या हातातली पोथी काढून घेतली तोच माणूस दुसरी पोथी मागतो आहे. भूक खरी होती, आणि ती भूक कुणी लावली हेही खरं होतं.

हे सगळं माहीत असलेला हिंदू गोवेकर बायबलकडे पाठ फिरवतो, तर मी त्याला दोष देणार नाही. पण एक विचारीन. देवळं पाडणाऱ्यांनी तो ग्रंथ नीट वाचला होता, असं तुला का वाटतं?

आता त्या शब्दाकडे येतो, कारण माझी स्वतःची झोप त्या शब्दानं उडवली.

मराठीत गौरव म्हटलं की डोळ्यांपुढे शाल-श्रीफळ येतं. हल्ली त्या शालीही हलक्याच असतात. पण संस्कृतात गौरव म्हणजे गुरुपणा, आणि गुरू म्हणजे जड. लघुगुरूतला गुरू. व्याकरण शिकवताना हे मी शंभरदा फळ्यावर लिहिलं होतं. बायबलच्या जुन्या कराराची भाषा हिब्रू. तिच्यात देवाच्या महिम्याला शब्द आहे कावोद, आणि त्याचा धातूही जडपणाचाच. मराठी बायबलात त्याला कुठे गौरव म्हटलंय, कुठे तेज, कुठे वैभव, कुठे महिमा. तेज म्हटलं की डोळे दिपतात, वैभव म्हटलं की जुन्या गोव्यातल्या चर्चमधल्या सोन्यानं मढवलेल्या वेद्या दिसतात. पण गौरव हा शब्द निवडणाऱ्यानं, कळत असो वा नकळत, नेम बरोबर साधला आहे. हिब्रूतलं वजन मराठीत उतरवणारा शब्द आपल्याकडे तयार होता.

एकदा ही किल्ली हाती आली की जुन्या करारातली दारं एकामागून एक उघडायला लागतात. मोशे देवाला म्हणतो, मला बोलता येत नाही, माझी जीभ जड आहे. मिसरचा राजा फारो इस्राएल लोकांवरचं काम आणखी जड करायला सांगतो. त्या फारोचं काळीज जड झालं, असं पुन्हा पुन्हा येतं. भाषांतरात ते "कठीण" होतं आणि धागा तुटतो. एली नावाचा म्हातारा याजक आसनावरून मागे पडतो आणि मान मोडून मरतो, कारण तो वृद्ध होता आणि अंगानं जड होता. त्याच दिवशी त्याची सून बाळंत होते, पोराचं नाव ठेवते ईखाबोद, म्हणजे गौरव गेला. वजन आणि गौरव, दोन्हीकडे तोच धातू. सांगणाऱ्यानं हे मुद्दाम केलंय: याजकाच्या अंगावर वजन चढत गेलं आणि घरातलं खरं वजन निघून गेलं. कीर्तनकार बुवा असले तर या एका कोटीवर पूर्वरंग उभा करतील.

म्हणजे देवाचा गौरव आणि फारोच्या काळजाचा हट्ट, दोघांना एकच शब्द. कशाचं वजन तुमच्यावर पडतं यावर सगळं आहे. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की हा ग्रंथ वरवर चाळायचा नाही.

आमच्या शेजारी एक मावशी आहेत. वय ऐंशीच्या पुढे. नवरा तारवटी होता, बोटीवर आठ-आठ महिने. आता एकट्याच असतात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय, त्यामुळे त्यांचं रोमी पवित्र पुस्तक त्यांना वाचवत नाही. मी दर बुधवारी संध्याकाळी त्यांच्या सोप्यावर बसून वाचून दाखवतो. रोमी कोकणी मी अडखळत वाचतो, पहिलीतल्या पोरासारखं बोट ठेवून. सोबत माझं मराठी बायबल असतं, अडलं की त्यात बघतो. "वाच मास्तर, हांव आयकतां," म्हणून त्या डोळे मिटतात आणि हातातली जपमाळ बाजूला ठेवतात. लहानपणी त्यांनी मीस, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकली ती लातिनमध्ये; शब्द कळायचे नाहीत, घंटा वाजली की गुडघे टेकायचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मीस कोकणीत आली. 1965 साली त्याच परिषदेनं लिहून ठेवलं, की धर्मग्रंथाचं दार सगळ्या भाविकांना सताड उघडं असावं. मावशींच्या हाती स्वतःचं पुस्तक यायला मात्र त्यानंतर बरीच वर्षं गेली.

एका बुधवारी जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाचा तेहतिसावा अध्याय होता. मोशे देवाला म्हणतो, मला तुझा महिमा दाखव. मी लगेच मनात अर्जुनाकडे गेलो. दोघंही तेच मागतात. अर्जुनाला दिव्यदृष्टी मिळते आणि अकराव्या अध्यायात सगळं विश्वरूप एकदम समोर येतं, हजार सूर्य एकाच वेळी उगवल्यासारखं, आणि दातांत चिरडलेली डोकीही. मग तोच अर्जुन हात जोडून म्हणतो, पुरे, ते आधीचं सौम्य रूप दाखव. मोशेच्या वाट्याला उलटं येतं. देव म्हणतो, माझा चांगुलपणा तुझ्यापुढून जाईल, माझं नाव मी उच्चारीन, पण माझं मुख तुला दिसायचं नाही. खडकाच्या कपारीत तुला ठेवीन, मी जाईपर्यंत हातानं झाकीन, मग हात काढीन, आणि तुला माझी पाठ दिसेल. महिमा मागितला, मिळाली पाठ. पुढल्या अध्यायात नावाचा उच्चार होतो तेव्हा त्यात गडगडाट नाही, स्वभाव आहे: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध.

मला ते जरा तोकडं वाटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. आमच्या अर्जुनाला तरी पूर्ण दर्शन झालं, म्हटलं. मावशींनी डोळे उघडले नाहीत. म्हणाल्या, "आपल्या मनशाक फाटल्यान लेगीत वळखतात, मास्तर."

आपल्या माणसाला पाठमोरंही ओळखतात. नवरा बोटीवर निघाला की बस वळेपर्यंत किती वेळा त्यांनी ती पाठ पाहिली असेल, हा हिशेब मी विचारला नाही. पण त्या दिवशी मला कळलं की मी या भागाकडे दर्शनाच्या रांगेत उभं राहून पाहत होतो, किती दिसलं, किती वेळ दिसलं. त्या ओळखीकडून पाहत होत्या.

नव्या करारात हेच पुढे जातं. येशूचं चरित्र लिहिणारा योहान म्हणतो, शब्द देही झाला आणि आम्ही त्याचा गौरव पाहिला. कुठे पाहिला? पहिल्यांदा एका लग्नघरी, काना गावात. द्राक्षारस संपलेला. पाण्याचे सहा दगडी रांजण, एकेकात 80 ते 120 लिटर मावेल एवढे. येशू सांगतो भरा, चाकर काठोकाठ भरतात, आणि पाण्याचा द्राक्षारस होतो. भोजनकारभारी चाखून नवऱ्यामुलाचं कौतुक करतो. हा कुठून आला हे त्याला ठाऊक नाही. योहान मध्येच एक वाक्य घालतो: पाणी काढणाऱ्या चाकरांना ठाऊक होतं. मग लगेच सांगतो, की अशा रीतीनं त्यानं आपला गौरव प्रकट केला.

गोव्यात लग्न ज्यानं पाहिलंय त्यानं हे डोळ्यांपुढे आणावं. मांडवात ब्रास बँड, टोस्ट म्हणणारा, बुफेची रांग. आणि मागल्या दारी विहिरीवरून कळशा उपसणारे, चुलीच्या धुरात डोळे पुसणारे. गौरव त्यांना दिसला. मांडवातल्या कुणाला पत्ता नाही.

योहानाच्या पुस्तकात पुढे "गौरवाची घटका आली" असं येशू म्हणतो तेव्हा तो मरणाबद्दल बोलत असतो. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, असं म्हणतो. मग कमरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुतो. इथपर्यंत आल्यावर सोन्याच्या वेदीचं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी कलेचा शत्रू नाही. जुन्या गोव्याच्या त्या वेद्या मला आवडतात. पण ज्या साम्राज्यानं त्या उभारल्या त्याला गौरव म्हणजे काय ते या पुस्तकानं वेगळंच सांगितलं होतं. पुस्तक त्यांच्या हातात होतं. छापखाना होता, युरोपी पद्धतीचा आशियातला पहिलाच म्हणावा असा, 1556 पासून. वाचायला येत होतं.

वाचायला येणं आणि वाचणं यात फरक आहे, हेही त्याच ग्रंथात आहे. एक शास्त्री येशूची परीक्षा पाहायला येतो. येशू त्याला दोन प्रश्न विचारतो: शास्त्रात काय लिहिलंय? आणि तू ते कसं वाचतोस? पहिल्याचं उत्तर शास्त्र्याला तोंडपाठ असतं. दुसऱ्याला फुटतो तो चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत, ज्यात परधर्माचा म्हणून तुच्छ मानलेला माणूसच खरा शेजारी ठरतो.

इथे मी सोयीचं तेवढं सांगून निघून जाणार नाही. त्याच ग्रंथात, पुढच्या देशातल्या लोकांच्या वेद्या फोडा, मूर्ती जाळा, अशा आज्ञा आहेत. यहोशवाच्या पुस्तकात गावंच्या गावं कापली जातात. देवळं पाडणाऱ्याला घण उचलताना आधार वाटावा अशी वचनं त्याला तिथे सापडतील. समाजमाध्यमांवर आमचे काही मित्र हीच वचनं यादी करून फिरवतात, आणि ती खोटी नसतात. मला ती पानं वाचवत नाहीत. त्यांचं स्पष्टीकरण देणारी प्रवचनं मी ऐकली, माझं समाधान झालेलं नाही. पण एवढं दिसलं, की वचन उपटून घेणारा पाडणाराही असतो आणि यादी करणाराही, आणि दोघांची वाचायची पद्धत एकच. दोघंही हत्यार शोधायला येतात. तिसरा प्रकार रोज सकाळी मोबाइलवर येतो, गुलाबाच्या फुलावर छापलेलं "आजचं वचन". तोही उपटलेलाच. त्यानं कुणी मरत नाही एवढंच.

गौरव पाहायला वाचणं म्हणजे सलग वाचणं. जिथे कंटाळा येतो तिथेही. (गांधीजींनी आत्मकथेत कबूल केलंय की जुना करार वाचताना त्यांना झोप यायची आणि गणना हे पुस्तक तर नावडतंच होतं. माझंही गणनात हेच झालं. थोरांशी एवढं तरी साम्य.) जिथे राग येतो तिथे तो राग समासात लिहून पुढे जाणं, आणि शेवटाच्या उजेडात पुन्हा मागे येणं. आपण ज्ञानेश्वरी अशीच वाचतो. पारायणाला बसलेला माणूस सोयीच्या ओव्या निवडत नाही. म्हणून मला वाटतं, या ग्रंथाला उत्तम वाचक मिळायचा तर तो पारायणाची सवय असलेल्या मराठी घरातच मिळेल. स्टीफन्सला हे कळलं होतं. "वों नमो विस्वभरिता । देवा बापा सर्वसमर्था" असं तो सुरू करतो, आणि ज्याच्या कानात "ॐ नमो जी आद्या" आहे त्याची मान आपोआप हलते. विस्वभरिता म्हणजे विश्व भरून राहिलेला. यशयाला मंदिरात दर्शन होतं तेव्हा सराफीम नावाचे देवदूत तेच ओरडत असतात, अवघी पृथ्वी त्याच्या गौरवानं भरली आहे. ते ऐकून यशया म्हणतो, मी मेलो, माझे ओठ अशुद्ध आहेत. पुराणाच्या पहिल्या ओळीत हा सगळा प्रसंग दडलाय, आणि आम्ही तिथून थेट हरळांमाजि रत्नकिळेवर उडी मारतो.

आता ज्या आक्षेपाची वाट वाचक पाहतोय तो. हे सगळं म्हणजे मागल्या दारानं धर्मांतर नव्हे का?

नारायण वामन टिळकांना राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशानं नवा करार दिला, आणि ते 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. हे मी लपवत नाही. वाचून माणूस बदलू शकतो. गांधीजींच्या काळजाला येशूचं डोंगरावरचं प्रवचन थेट भिडलं, आणि ते हिंदूच राहिले. टिळकांनीही तुकारामाचा पूल मोडला नाही, उलट त्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. वाचणाऱ्याचं काय होईल हे आधी ठरवून ज्याला वाचू द्यायचं त्याला वाचू न दिलेलंच बरं. 1684 मध्ये व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर यानं तेच केलं: इथली भाषा सोडा, तीन वर्षांत पोर्तुगीज शिका, असा हुकूम. ख्रिस्तपुराणाची तिसरी आवृत्ती 1654 ची. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. देवाचा गौरव लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत पोचू न देणारे ख्रिस्तीच होते, ही गोष्ट माझ्या ख्रिस्ताव मित्रांनीही एकदा शांतपणे चघळावी.

आणि पंडिता रमाबाई. त्या संस्कृतच्या पंडिता, पण उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण असलेल्या मराठी भाषांतरातले जड संस्कृत शब्द साध्या बायकांना कळत नव्हते. त्यांनी स्वतः साध्या मराठीत भाषांतर केलं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनीच खिळे जुळवून ते बायबल छापलं. 1922 मध्ये त्या गेल्या, पूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. ज्यांना पुराणिकानं पोथीला हात लावू दिला नसता त्या बायका शिशाच्या उलट्या अक्षरांतून देवाचं नाव जुळवत बसल्या आहेत, हे चित्र माझ्या नजरेसमोरून हलत नाही. काना गावचे ते चाकर पुन्हा.

म्हणून एक सुचवणं आहे, कुणी ऐकलं तर. पुढच्या 27 फेब्रुवारीला ती ओवी म्हणाच, पण म्हणून थांबू नका. त्याच पुराणातला एखादा अवस्वर अर्धा तास चालीवर वाचा. काना गावचं लग्न घ्या. एखादं वाचनालय चातुर्मासात ज्ञानेश्वरी लावतं, तसं कुरेज्माच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत ख्रिस्तपुराण लावून बघावं, ख्रिस्ताव शेजाऱ्यांना बोलावून. कधीकाळी ते देवळांत, म्हणजे त्यांच्या इगर्जीत, गायलं जायचंच. लिपी अडली तर एकानं रोमीतून वाचावं, एकानं देवनागरीतून. मी अनुभवानं सांगतो, जमतं. वेग कमी होतो आणि तेच चांगलं असतं.

मागच्या बुधवारी मावशींना कावोदची गोष्ट सांगितली. महिमा म्हणजे मुळात जडपणा, एलीचं अंग, फारोचं काळीज, सगळं. मला वाटलं त्यांना मजा वाटेल. त्या बराच वेळ गप्प होत्या. बाहेर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला, त्या उठल्या, चार पोळे घेतले, पैसे दिले, परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मागीर देवान मोशेक धांपलो, तो हातूय जड आसतलो न्ही, मास्तर?"

मग देवानं मोशेला झाकलं तो हातही जड असेल ना? मला उत्तर आलं नाही. घरी येऊन शोधलं. स्तोत्र 32 मध्ये आहे: रात्रंदिवस तुझा हात माझ्यावर जड होता. तोच धातू. कवी तिथे कण्हतो आहे, हाडं झिजली म्हणतो. तीन ओळी खाली त्याच देवाला म्हणतो, तू माझी लपायची जागा आहेस. येत्या बुधवारी त्यांना चौथी ओळ सांगायची, की थेट सातवी, ते अजून ठरत नाही.